प्रिंट गेलं कुठे? पायथनचं आउटपुट लॉगमध्ये कसं वळवायचं

हेडफोन लावलेत ना? आज बोलूया प्रिंटबद्दल. पायथन शिकताना पहिल्या दिवशी आपण हेच लिहितो, आणि नोकरी लागली तरी सोडत नाही.

माझ्याकडे एक जुनी स्क्रिप्ट आली होती. दर दहा दिवसांनी रात्री ती शेतकऱ्यांच्या खात्यात दुधाच्या बिलाचे पैसे पाठवायची. प्रत्येक पेमेंटनंतर एक प्रिंट. क्रॉनमधून चालायची, आउटपुट एका फाइलमध्ये. एका रात्री सर्व्हरची मेमरी संपली आणि लिनक्सने स्क्रिप्ट मध्येच मारली. सकाळी फाइल उघडली, तर शेवटची ओळ अर्धवट! त्यापुढे किती पेमेंट झाली, पत्ताच नाही. स्क्रिप्ट परत चालवावी तर काहींना दोनदा पैसे जाणार, न चालवावी तर काहींचं बिल अडकणार. शेवटी बँक स्टेटमेंट समोर घेऊन एकेक नोंद जुळवत बसलो.

हे झालं कसं? टर्मिनलवर प्रिंट ओळीओळीने दिसतं. पण आउटपुट फाइलमध्ये जात असेल, तर पायथन ते आधी बफरमध्ये साठवतं आणि बफर भरला की एकदम लिहितं. प्रोसेस अचानक मेली, की बफरमधलं सगळं गेलं. लॉगिंग मॉड्यूलचा फाइल हँडलर मात्र प्रत्येक नोंदीनंतर फ्लश करतो. शिवाय वेळ आणि लेव्हलही लिहिता येते.

मग सगळे प्रिंट बदलायचे का? स्क्रिप्टमध्ये ते शेकड्यांनी होते, आणि एक बाहेरची लायब्ररी स्वतःचं वेगळंच प्रिंट करत होती. तिला कोण हात लावणार?

इथे एक गंमत आहे. प्रिंट थेट स्क्रीनवर लिहीत नाही. ते 'सिस डॉट एसटीडी-आउट' नावाच्या ऑब्जेक्टची राइट मेथड बोलावतं, बस्स. म्हणजे त्या जागी आपला ऑब्जेक्ट ठेवला, की सगळं आपल्याकडे येतं. छोटा क्लास लिहायचा, त्यात दोन मेथड: राइट आणि फ्लश. राइटमध्ये आलेला मजकूर लॉगरच्या इन्फोला द्यायचा.

आता खड्डे ऐका, मी तिन्हींत पडलेय.

पहिला: प्रिंट मजकूर एकदा पाठवतं आणि ओळ संपल्याची खूण वेगळी पाठवतं. सरळ लॉग केलंत, तर एकाआड एक रिकामी नोंद दिसेल. म्हणून मजकूर साठवा, ओळ पूर्ण झाली की मगच लॉग करा.

दुसरा: लॉगरची लेव्हल मुळात वॉर्निंग असते, म्हणजे ३०. इन्फो २० ची. लेव्हल इन्फोवर आणली नाहीत, तर सगळं गुपचूप गायब! एरर नाही, काही नाही.

तिसरा: लॉगचा हँडलर स्वतःच एसटीडी-आउटवर लिहीत असेल आणि तो तुम्ही अदलाबदलीनंतर बनवलात, तर लॉग लिहितो प्रिंटच्या जागी, तिथून परत लॉग, परत तिथेच. गोल गोल फिरत बसतं. म्हणून हँडलर आधी बनवा किंवा सरळ फाइलला जोडा.

काम थोड्याच ओळींपुरतं असेल, तर कॉन्टेक्स्टलिबमधलं 'रीडायरेक्ट एसटीडी-आउट' वापरा. पायथन ३.४ पासून ते आहे. विथ ब्लॉक संपला की जुनं आउटपुट आपोआप परत येतं. फक्त हा बदल अख्ख्या प्रोसेसला लागतो, त्यामुळे अनेक थ्रेड असतील तर जपून.

आणि एक मर्यादा: सबप्रोसेस किंवा सीमध्ये लिहिलेली लायब्ररी थेट ऑपरेटिंग सिस्टिमला लिहिते. ते या युक्तीत सापडत नाही.

खरं सांगायचं तर ही मलमपट्टी आहे. नवीन कोडमध्ये पहिल्यापासून लॉगरच वापरा. पण जुनी स्क्रिप्ट आज रात्रीच चालणार असेल, तर पट्टी आधी, ऑपरेशन नंतर. आम्ही ती बांधली, आणि आता स्क्रिप्ट मध्येच मेली तरी शेवटचं नोंदलेलं पेमेंट कोणतं, ते फाइलमध्ये वेळेसकट दिसतं. त्यापुढचं एखादंच बँकेत तपासावं लागतं.

तुमच्या क्रॉनमध्ये असं एखादं प्रिंट लपलंय का? आजच बघा. भेटू पुढच्या भागात!