बेलिफने पैसे मागितले? आधी वॉरंट वाचा, मगच खिशात हात घाला

दारात कोर्टाचा बेलिफ उभा राहिला की घरातले सगळे गडबडतात. शेजारी जमतात, अब्रूचा प्रश्न होतो. अशा वेळी ‘गाडीभाडं द्या’, ‘भत्ता द्या’, ‘चहापाण्याचं बघा’ असं कुणी म्हटलं, तर माणूस मुकाट्यानं देऊन मोकळा होतो. पण ते पैसे कुठेच लिहिले जात नाहीत. देणं होतं तेवढंच राहतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा तीच मागणी होते. म्हणून कोणता खर्च कायदेशीर, कोणता नाही आणि हरकत कुठे घ्यायची, हे आधीच माहीत असलेलं बरं.

बेलिफ म्हणजे नेमका कोण?

बेलिफ हा दिवाणी कोर्टाचा पगारी कर्मचारी. तो कोर्टातल्या नाझरच्या हाताखाली काम करतो. समन्स-नोटीस बजावणं, जप्ती करणं, जागेचा ताबा देणं ही त्याची कामं. यातलं काहीही तो मनानं करत नाही, कोर्टाचा लेखी हुकूम लागतो. फायनान्स कंपनीची गाडी ओढून नेणारी माणसं म्हणजे बेलिफ नव्हे. पतसंस्थेचा किंवा सहकारी बँकेचा वसुली अधिकारीही वेगळा, त्याचे नियम सहकार कायद्यात आहेत. म्हणून पहिलं काम म्हणजे ओळखपत्र आणि वॉरंट मागणं. यात उद्धटपणा काही नाही, तो तुमचा हक्क आहे.

सुरुवातीचा खर्च कोण भरतो?

दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम सरळ आहे. ज्याच्यासाठी नोटीस किंवा वॉरंट निघतं, खर्च त्यानंच भरायचा. कोर्टानं वेगळा हुकूम केला तरच यात बदल होतो. हा पैसा म्हणजे प्रोसेस फी. ती वॉरंट निघण्याआधीच कोर्टात भरावी लागते. म्हणजे बेलिफ तुमच्या दारात येतो तेव्हा त्याच्या येण्याची फी समोरच्या पार्टीनं कोर्टात भरलेली असते. तीच तुमच्याकडून पुन्हा हातात घेण्याचं कारण नाही.

ही फी किती, ते उच्च न्यायालयाच्या नियमांनी ठरतं. फीचा तक्ता कोर्टात सगळ्यांना दिसेल अशा जागी, स्थानिक भाषेतही लावलेला असावा, असं कोर्ट फी कायदा सांगतो. तारखेला गेलात की तो तक्ता बघा. दिसला नाही तर नाझरकडे विचारा.

मग तुमच्या डोक्यावर खर्च कसा येतो?

येतो, पण हिशेबातून. जप्तीच्या वॉरंटच्या छापील नमुन्यात रकाने असतात: मुद्दल, व्याज, दाव्याचा खर्च, दरखास्तीचा म्हणजे वसुलीचा खर्च आणि एकूण रक्कम. या जप्तीचा खर्चही आकड्यात लिहायचा असतो. समोरच्यानं आधी भरलेली फी अशी तुमच्या देण्यात धरली जाते. तेव्हा वॉरंटवर जो आकडा आहे तो खर्च, जो नाही तो नुसती तोंडी मागणी.

समजा, वॉरंटवर एकूण ९४,६०० रुपये आहेत. तुम्ही ‘भाडं’ म्हणून २,००० रुपये हातात दिले. कोर्टाच्या लेखी तुमच्याकडे ९४,६०० रुपयेच बाकी आहेत. गेले ते २,००० रुपये गेलेच.

बेलिफकडे पैसे देता येतात का?

येतात. वॉरंटवरची पूर्ण रक्कम आणि त्यावर लिहिलेला जप्तीचा खर्च बेलिफकडे भरला तर जप्ती टळते. लिलावाच्या दिवशीसुद्धा बोली पक्की होण्याआधी देणं आणि लिलावाचा खर्च भरला तर लिलाव थांबवावा लागतो. पण पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. त्यापेक्षा कोर्टात भरणा करणं जास्त सुरक्षित.

समोरच्या पार्टीला परस्पर पैसे दिले तर ते बँकेतून द्या किंवा लेखी पुरावा ठेवा आणि कोर्टात नोंद करून घ्या. समोरच्यानं नोंद केली नाही, तर तुम्ही ३० दिवसांच्या आत कोर्टात अर्ज करायचा. नोंद नसलेला भरणा वसुलीचं कोर्ट धरत नाही.

ट्रॅक्टर, जनावरं उचलायचा खर्च

खर्च खरा वाढतो तो इथे. ट्रकभाडं, राखणदार, चारा असं सगळं हिशेबात येऊ शकतं. जनावरं, शेतीची अवजारं किंवा हलवायला अवघड वस्तू जप्त झाल्या, तर त्या गावातच एखाद्या प्रतिष्ठित माणसाच्या ताब्यात ठेवता येतात. तशी मागणी तुम्हीही करू शकता. ती तिथल्या तिथे करा आणि पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा.

शेतकऱ्याला पोटापाण्यासाठी लागणारी अवजारं, जनावरं आणि बियाणं, घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण यांना संहितेच्या कलम ६० मध्ये संरक्षण आहे. कोणती अवजारं, किती जनावरं ‘लागणारी’, हे कोर्ट ठरवतं. म्हणून ते म्हणणं कोर्टापुढे लेखी मांडावं लागतं.

हरकत कशी घ्यायची?

१. वॉरंटचा फोटो काढा. दरखास्त नंबर, एकूण रक्कम आणि वॉरंटची मुदत बघा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरून जप्ती करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

२. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर जाणत्या माणसाकडून वाचून घ्या.

३. खर्चाचा आकडा चुकीचा वाटला तर ज्या कोर्टात दरखास्त चालू आहे तिथेच कलम ४७ खाली अर्ज करा. वेगळा दावा लावायची गरज नाही. खर्चाचा तपशील आणि पावत्या मागा. आधी भरलेले पैसे वजा झालेत का ते तपासा.

४. तक्रार बेलिफच्या वागण्याची असेल तर त्या कोर्टाचे न्यायाधीश किंवा प्रधान जिल्हा न्यायाधीश यांच्याकडे लेखी द्या. तारीख, वेळ, मागितलेली रक्कम आणि साक्षीदारांची नावं लिहा. आपल्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या.

मोबाईलवर ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ अ‍ॅपमध्ये सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि झालेले हुकूम दिसतात.

सरळ लाच मागितली तर?

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या टोल फ्री नंबरवर फोन करा, तोही पैसे देण्याआधी. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरू शकतो. मात्र जबरदस्तीनं द्यावी लागली आणि ७ दिवसांच्या आत कळवलं, तर कायदा तुम्हाला संरक्षण देतो. गप्प बसण्यात दुहेरी तोटा आहे.

वकिलाला पैसे नसतील तर?

तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना वकील मोफत मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

आणि एक गोष्ट. बेलिफला अडवणं, धक्काबुक्की करणं, वॉरंट फाडणं असलं काही करू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा अंगावर येतो आणि मूळ हरकत बाजूला पडते. देणं खरं असेल तर ते फेडावंच लागेल. पण किती फेडायचं, ते वॉरंटवरचा आकडा आणि कोर्टाचा हुकूम सांगेल, दारात उभा असलेला माणूस नाही.