बांधा श्रावणात, उडवा पौषात

आज २३ ऑगस्ट, राष्ट्रीय अंतराळ दिवस. शाळाशाळांत चांद्रयान-३ चे देखावे लागतील, आणि जिथे हौशी शिक्षक आहे तिथे छोटं रॉकेटही सोडलं जाईल. सिल्वासातल्या सायलीसारख्या ठिकाणी युवक मंडळाला हा उपक्रम करायचा असेल, तर कळकळीने सांगतो, आजचा दिवस बांधणीला द्या. श्रावणातल्या दमट हवेत पुठ्ठ्याची नळी फुगते, खाली उतरलेल्या ढगात रॉकेट दिसेनासं होतं.

घाई टाळायला याहून मोठं कारण आहे. १९५४ साली अमेरिकेत नेब्रास्कातल्या नॉरफोक गावच्या ऑर्व्हिल कार्लाइल या बूटविक्रेत्याने मॉडेल रॉकेट बनवलं. १९५७ मध्ये स्पुटनिक उडालं आणि तिथली पोरं धातूच्या नळ्यांत रसायनं ठासू लागली. अनेक जण जखमी झाले, काही जिवाला मुकले. कार्लाइलची कल्पना उचलून रॉकेट अभियंते हॅरी स्टाइन यांनी शिस्त घालून दिली: नळी पुठ्ठ्याची, मोटर कारखान्यातून भरून आलेली, पेटवायची ती लांबून आणि विजेवर.

इंधन हे मुलांचं काम का नव्हे, हे शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांकडे पाहून कळतं. बर्मिंगहॅमला रसायन अभियांत्रिकी शिकून आलेले गोवारीकर १९६७ मध्ये थुंबाच्या रॉकेट केंद्रात घन इंधनाच्या कामावर रुजू झाले. त्याच इंधनावर उडणारं उपग्रह प्रक्षेपक एसएलव्ही-३ यशस्वी झालं १९८० मध्ये. इस्रोसारख्या अख्ख्या संस्थेला जिथे १३ वर्षं लागली, ते गच्चीवर करून पाहायचं नसतं.

मग मुलांच्या वाट्याला काय उरतं? माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच: तोल. बाणाच्या शेपटीला पिसं असतात, तसे रॉकेटला मागे पंख. गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्राच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका हवा. मोटर बसवलेलं रॉकेट गुरुत्वमध्यापाशी दोरीला बांधून डोक्याभोवती फिरवायचं. टोक पुढे राहिलं तर ठीक, गिरक्या घेतल्या तर टोकात वजन घाला. मोटरवरचं ‘सी६-५’ हेही वाचता यायला हवं: एकूण आवेग जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद, सरासरी रेटा ६ न्यूटन, जळून झाल्यावर ५ सेकंदांनी पॅराशूट बाहेर.

म्हणूनच आयती जोडलेली किट मला मान्य नाहीत. दहा मुलांत एक रॉकेट आणि नऊ जण टाळ्या वाजवायला, हेही नको. प्रत्येकाला आपली नळी, आपले पंख मिळावेत. मोटरमधली दारू स्फोटकांच्या कायद्यात येते, ती किराणा दुकानात मिळायची नाही. ती रीतसर मिळेपर्यंत प्लॅस्टिकची बाटली, एक तृतीयांश पाणी आणि सायकलचा पंप घ्या. न्यूटनचा तिसरा नियम त्यातही तोच आहे.

पौषात भातकापणी झालेली शेतं मोकळी असतात, पण पेंढा वाळलेला असतो. उड्डाणाच्या जागेभोवतीचं गवत आधी साफ करा, पाण्याची बादली जवळ ठेवा. लहान मोटरला पाच मीटर अंतर राखा, पेटली नाही तर पेटवण्याच्या बटणाची सुरक्षा-किल्ली काढून मिनिटभर कुणीही जवळ जाऊ नका.

आणि बटण पाहुण्यांच्या हाती देऊ नका. ज्या मुलीने रॉकेट बांधलं, तिनेच ते दाबावं.