कुजणाऱ्या प्लॅस्टिकला मातीचे बळ

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा रोपवाटिका, शेती व घनकचरा हाताळणी यांसाठी लागणाऱ्या कंपोस्टयोग्य पिशव्या तीतून वगळल्या. कंपोस्टयोग्य बहुवारिकांपैकी पॉलिलॅक्टिक आम्ल हे एक प्रमुख होय. ते मका किंवा ऊस यांच्या शर्करेपासून तयार होते. परंतु सुमारे ६० अंश सेल्सिअसला ते मऊ पडते, आणि हवा व बाष्प त्यातून सहज पार होतात. हे उणेपण भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञ मातीकडे वळले.

ती माती म्हणजे बेंटोनाइट. कच्छ व बारमेर येथे तिच्या खाणी आहेत. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत साच्याची वाळू बांधण्यासाठी ती वापरतात. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पोथीच्या पानांप्रमाणे थरांचे असते. एकेक पान जाडीला अवघे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लांबीरुंदीला मात्र त्याच्या शंभरपट वा अधिक. ही पाने सुटी होऊन बहुवारिकात पसरली, तर शेकडा ३ ते ५ इतकी माती पुरते. पदार्थ ताठ होतो, उष्णतेला अधिक टिकतो, आणि आडव्या पानांना वळसे घालत जावे लागल्याने हवेची वाट लांबते.

खरी अडचण पाने सुटी करण्याची आहे. माती पाण्याची मैत्रीण, बहुतेक प्लॅस्टिके पाण्याला परकी. गठ्ठा तसाच राहिला, तर पदार्थ उलट तेथूनच तडकतो. म्हणून पानांमधील सोडियमच्या जागी लांब साखळीचे सेंद्रिय अमोनियम क्षार बसवितात; पाने दूर सरतात व बहुवारिक आत शिरते. १९८० च्या दशकात टोयोटाच्या जपानमधील संशोधन प्रयोगशाळेने नायलॉनवर हे साधले. पुढे हीच रीत कुजणाऱ्या बहुवारिकांना लावण्यात आली. ठिसूळपणा मात्र मातीने जात नाही. त्यासाठी दुसरे लवचीक बहुवारिक मिसळावे लागते.

काही अमोनियम क्षार सूक्ष्मजीवांना घातक असतात, त्यामुळे त्यांची निवड जपून करावी लागते. शिवाय पॉलिलॅक्टिक आम्ल लवकर कुजण्यास सुमारे ५८ अंश ऊब व ओलावा सतत लागतो. गावच्या उथळ खतखड्ड्यात ती ऊब टिकत नाही, आणि माती मिसळल्याने ही गरज संपत नाही. ‘कंपोस्टयोग्य’ छापलेली पिशवी नाल्यात पडली, तर ती साध्या पिशवीप्रमाणेच पाणी अडविते. ती वेगळी गोळा करून योग्य कंपोस्ट केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीला आधी करावी लागते.