धप्, धप्, टाळी!

मुलांनो, एक खरं खरं सांगा. वर्गात बाई फळ्याकडे वळल्या, की तुमच्यापैकी किती जण बाक वाजवतात? लपवू नका! मीसुद्धा बाईच आहे. आमचं तोंड फळ्याकडे असलं, तरी कान मागेच असतात.

आज मी तुम्हाला माझ्या आवडत्या गाण्यांविषयी सांगणार आहे. पण त्याआधी ही बाक वाजवण्याची चौकशी का केली, ते शेवटी कळेल. तोवर हात आवरून बसा.

मी इंदापूरला डी. एड. करत होते तेव्हाची गोष्ट. साल 2009. त्या वेळी गावातल्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. आपण चार नावं सांगायची आणि दुकानदार मनानेच शंभर गाणी भरून द्यायचा! माझ्या मैत्रिणीच्या कार्डात असंच एक गाणं आलं. इंग्रजी. आम्ही दोघी एकेका कानात इअरफोन घालून ऐकत होतो. सुरुवातीला वाटलं, कार्ड बिघडलं. कारण पेटी नाही, तबला नाही, काहीच नाही. नुसतं धप्, धप्, टाळी! धप्, धप्, टाळी!

गाण्याचं नाव ‘वी विल रॉक यू’. इंग्लंडमधल्या ‘क्वीन’ या बँडचं 1977 सालचं गाणं. शब्द आम्हाला निम्मेच कळले. पण दुसऱ्या मिनिटाला आम्ही दोघी पलंगाच्या कडेवर तोच ठेका धरून बसलो होतो. वॉर्डनबाई येईपर्यंत!

पाचगणीचा मुलगा

रॉक म्हटलं, की पुष्कळ आई-बाबांच्या कपाळाला आठी पडते. ‘काय तो विलायती गोंगाट!’ माझे बाबाही असंच म्हणायचे. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. आता तुम्हालाही सांगते.

तुमची सहल महाबळेश्वर-पाचगणीला गेलीच असेल. त्याच पाचगणीत सेंट पीटर्स नावाची शाळा आहे. तिथे एक पारशी मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. नाव फारुख बलसारा. जन्म 1946 चा, आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावरचा. आई-वडील तिकडे आणि हा एवढासा मुलगा इकडे सह्याद्रीत. तो पियानो शिकला. शाळेतल्या मित्रांना घेऊन त्याने छोटासा बँडही काढला, ‘द हेक्टिक्स’ नावाचा. पुढे 1964 मध्ये त्याचं कुटुंब इंग्लंडला गेलं. 1970 मध्ये तिथे ‘क्वीन’ सुरू झाला आणि आपला फारुख ‘फ्रेडी मर्क्युरी’ या नावाने जगाला माहीत झाला. 1991 मध्ये तो वारला. पण मैदानात सामना रंगात आला, की आजही जगभर त्याच्या आवाजातलं ते गाणं लागतं.

बाबा ऐकून म्हणाले, ‘‘म्हणजे आपल्या पाचगणीचाच की!’’ तेव्हापासून त्यांची आठी जरा सैल झाली.

शेकोटीच्या लाकडाची गिटार

ते गाणं लिहिलं मात्र फ्रेडीने नाही. ते लिहिलं त्याच बँडमधल्या ब्रायन मे यांनी. त्यांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. शाळेत असताना त्यांना इलेक्ट्रिक गिटार हवी होती, पण ती परवडणारी नव्हती. मग बापलेकांनी मिळून घरीच गिटार करायला घेतली. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. मोटारसायकलच्या स्प्रिंगा. आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं आणि विणायच्या सुईचं टोक. दोनेक वर्षं खपून केलेली ती गिटार ते पुढे आयुष्यभर वाजवत आले. आपल्या घरात माळ्यावर काय काय पडलेलं असतं, नाही का?

हेच ब्रायन मे विज्ञानाचेही विद्यार्थी. बँडपायी पीएच.डी. अर्धवट राहिली होती. ती त्यांनी तीसहून अधिक वर्षांनी, 2007 मध्ये पूर्ण केली. विषय होता सूर्यमालेतली धूळ.

आता ‘धप्, धप्, टाळी’ कुठून आली? 1977 मध्ये एका कार्यक्रमानंतर समोरचे लोक घरी जाईनात. ते बँडसाठी आपणहून गाऊ लागले. ब्रायन मे यांच्या मनात आलं, दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसाला काय काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. बस्स! यातूनच गाणं झालं. त्यात ड्रम नाहीत. थोडेसेच लोक फळ्यांवर पाय आपटत होते. मग हजारोंचा आवाज कसा आला? तोच आवाज पुन्हा पुन्हा, थोडा थोडा उशिराने मिसळला. किती उशिराने, ते ठरवताना मूळ संख्यांचा आधार घेतला. 2, 3, 5, 7, 11 याच त्या! आवाज सारख्या अंतराने परत आला, तर तो विहिरीत घातलेल्या हाकेसारखा वाटतो. मूळ संख्यांमुळे ती सारखी अंतरं जमत नाहीत आणि कानाला गर्दीचा भास होतो. मूळ संख्यांचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

ज्यांना कंपनी लागत नाही

दुसरा माझा लाडका बँड दिल्लीचा, ‘इंडियन ओशन’. 1990 पासूनचा. ही गाणी ‘इंडी’ म्हणून ओळखली जातात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. सिनेमात हिरो-हिरॉइन नाचावेत म्हणून ती केलेली नसतात. आपल्याला म्हणावीशी वाटली, म्हणून केलेली असतात. 2010 मध्ये तर या मंडळींनी आपली नवी गाणी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट देऊन टाकली होती!

त्यांचा ‘कंदिसा’ हा संग्रह 2000 सालचा. त्यातलं ‘कंदिसा’ हे गाणं केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांच्या एका प्राचीन भाषेतल्या प्रार्थनेवरून घेतलंय. मला त्यातला एकही शब्द समजत नाही. तरी डोळे मिटून ऐकलं, की देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं गार वाटतं. त्याच संग्रहात ‘माँ रेवा’ आहे. रेवा म्हणजे नर्मदा, आपल्या नंदुरबार जिल्ह्याला स्पर्श करून जाणारी. हे गाणं नर्मदाकाठचं. बँडमधले राहुल राम काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात होते. धरण, बुडालेलं गाव, लांब गेलेली नदी, हे सगळं इंदापूर तालुक्यातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं, की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते तुमच्या आजोबांनी तुम्हाला दाखवलं असेलच.

आणि हल्ली गिटार-ड्रमवर अभंग म्हणणारी मुलंही आहेत. ‘अभंग रिपोस्ट’ हा मराठी मुलांचा तसा बँड. मी तो भीतभीतच आमच्या आजोबांना ऐकवला. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत इंदापूरला येते. आजोबांनी त्या वाटेवर कितीतरी वर्षं टाळ धरलाय. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘पाऊल पडतंय ना ठेक्यावर? मग झालं तर.’’

आता त्या बाकाविषयी

आमची शाळा इंदापूर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. दिवाळी झाली, की बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, पाचटाच्या कोप्या. त्यांची काही मुलं पाच-सहा महिने आमच्या शाळेत बसतात. तीन-चार वर्षांपूर्वी असाच एक मुलगा तिसरीत आला. कुणाशी बोलायचा नाही. पाढे म्हणायचा नाही. नुसता बाक वाजवायचा. टक् टक् धप्! टक् टक् धप्!

मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग चिडून त्याला स्वतःच्या हातांवर बसायला लावलं. एक दिवस नाही, चांगले आठ दिवस. दोन्ही तळहात मांडीखाली घालून तो मुकाट्याने बसायचा. वर्ग शांत झाला, म्हणून मी खूष होते.

एका संध्याकाळी मी बारामतीला घरी निघाले होते. शेतात तोडणी चालू होती. पुढे उसाच्या ट्रॅक्टरने रस्ता अडवला, म्हणून गाडी थांबवली. आणि कानावर आलं, खच्, खच्, धप्! एक बाई कोयत्याने बुडाशी ऊस तोडत होती, मग शेंड्याचं वाढं उडवत होती आणि ऊस मोळीवर टाकत होती. खच्, खच्, धप्! मी तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बोलावलं. विचारलं, ‘‘तू बाकावर काय वाजवायचास रे?’’ तो आधी घाबरला. मग हळूच म्हणाला, ‘‘माय ऊस तोडती ना बाई, तसं.’’

मुलांनो, ज्या बाईने इंग्लंडमधल्या गाण्याचा ठेका पलंगावर धरला, त्याच बाईला समोरच्या बाकावरचा ठेका आठ दिवस ऐकू आला नाही. मला फार लाज वाटली. मी त्याला म्हटलं, ‘‘चुकलं माझं.’’ त्याला काही समजलं नसावं. बाईंनी चुकलं म्हणायचं असतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

मग आम्ही एक केलं. मी मुलांना ‘धप्, धप्, टाळी’ शिकवली आणि तो ठेका धरून बेचा पाढा म्हटला. नंतर त्याने त्याचा ठेका शिकवला आणि तिनाचा पाढा त्यावर म्हटला. पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला तो तिथे. सातापर्यंतचे पाढे त्याने असेच पाठ केले.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. सोमवारी तो आला नाही. मुलं म्हणाली, ‘‘बाई, टोळी गेली.’’ आठचा पाढा राहूनच गेला.

आई-बाबांनाही एक सांगते. इअरफोन लावून मोठ्या आवाजात तासन्‌तास ऐकणं कानाला वाईटच, तिथे जरूर रागवा. मोठ्यांसाठी केलेली गाणी मोठ्यांनीच ऐकावीत, हेही खरं. पण पोरगं ताटलीवर चमचा वाजवत असेल, तर ओरडण्याआधी एकदा विचारा, ‘‘हे काय वाजवतोयस रे?’’

आणि मुलांनो, तुम्ही आज घरी कान देऊन बसा. धुणं आपटण्याचा ठेका असतो, भाकरी थापण्याचा असतो, कडबाकुट्टीचा असतो. त्यातला एखादा उचला आणि मित्राला शिकवा. वर्गात वाजवणार असाल, तर मात्र आधी बाईंना विचारा. मी आता नाही म्हणत नाही!