थॅलेसेमियाचं गणित ऑटिझमला लागू पडत नाही

उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये आनुवंशिकतेची घरोघरी ओळख झाली ती थॅलेसेमियामुळे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण देशाच्या सरासरीहून बरंच जास्त आहे. हा दोष एकाच जनुकात असतो; सिंधी कुटुंबांत पुष्कळदा त्या जनुकातली डीएनएची ६१९ अक्षरं गळालेली आढळतात. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक कोण, हे लग्नाआधीच रक्त तपासून कळतं.

इतका सरळ हिशेब माहीत असला की इतर आजारांतही तोच शोधला जातो. मूल अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, पंख्याकडे मात्र तासन्‌तास बघत बसतं. डॉक्टर ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असं निदान करतात. मग पहिला प्रश्न येतो, ‘रक्त तपासून सांगा, हे आलं कुणाकडून?’ अनेक घरांत उत्तर आधीच ठरलेलं असतं : सुनेच्या माहेरून.

आईला दोष देण्याची खोड परदेशातही होती. आई मायेनं वागत नाही म्हणून मूल स्वमग्न होतं, असं नामवंत डॉक्टरही सांगत. १९७७ मध्ये सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळी मुलं तपासली. एकाच बीजापासून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडं स्वमग्न निघाली, वेगवेगळ्या बीजांच्या १० जोड्यांत एकही नाही. छोट्याशा या अभ्यासानं दिशा बदलली. २०१९ मध्ये पाच देशांतल्या २० लाख मुलांच्या नोंदींवरून ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचं दिसलं.

पण ही आनुवंशिकता एका जनुकाची नाही. २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात ऑटिझमशी निगडित १०२ जनुकं सापडली. त्यांतले गंभीर बदल बहुधा आई-वडिलांपैकी कुणातच नसतात. ते बीजांडात किंवा शुक्राणूत नव्यानं घडतात. त्याखेरीज हजारो बारीकसारीक फरक असतात. प्रत्येकाचा परिणाम नगण्य, आणि थोडेफार ते आपल्या सगळ्यांतच असतात. ‘कुणाकडून’ला म्हणूनच एका माणसाचं नाव देता येत नाही.

त्याहून नवलाची गोष्ट २०१३ मध्ये पुढे आली. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), नैराश्य, बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया या पाच विकारांच्या ३३ हजारांहून अधिक रुग्णांची जनुकीय माहिती एकत्र तपासली, तेव्हा काही धागे पाचही विकारांत सामाईक निघाले. त्यांतले दोन, मेंदूच्या पेशींत कॅल्शियमची ये-जा सांभाळणाऱ्या जनुकांचे होते.

बाविसाव्या गुणसूत्राचं उदाहरण घ्या. काही मुलांत त्याचा सुमारे ३० लाख अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. तेवढ्याच उणिवेनं एका मुलाला जन्मतः हृदयविकार होतो, दुसऱ्याला ऑटिझम, तिसऱ्याला एडीएचडी. मोठेपणी साधारण चारांतल्या एकाला स्किझोफ्रेनिया गाठतो. दवाखान्यात या विकारांच्या फायली वेगळ्या असतात, जनुकांच्या पातळीवर त्या एकमेकींत मिसळतात.

मग तपासणीचा उपयोग काय? ऑटिझमचं निदान आजही मुलाचं वागणं पाहूनच होतं. निदानानंतर क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे ही गुणसूत्रांची तपासणी केली, तर काही मुलांत असा गळालेला तुकडा सापडतो आणि हृदय, कॅल्शियम, आकडी यांकडे वेळेवर लक्ष देता येतं. बहुतेकांच्या अहवालात काहीच निघत नाही. त्यानं निदान खोटं ठरत नाही, आणि स्पीच थेरपी अहवालासाठी थांबवायचीही नसते.

घरात कुणाला आकडी येते, कुणी नैराश्याच्या गोळ्या घेतं, हे धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या काळजीनं लपवलं जातं. डॉक्टरांना मात्र ते सांगायला हवं. आणि बदलापूर-अंबरनाथमधला पंधरा वर्षांचा स्वमग्न मुलगा एकाएकी झोपेनासा, जेवेनासा झाला, तर ‘त्याचं असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकतं, आणि नैराश्यावर औषध आहे.