सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळतं?

दोस्तांनो, मधल्या सुट्टीत एखादी मैत्रीण तुमच्यापाशी येऊन रडली, घरातली भांडणं सांगून मोकळी झाली, तर पुढच्या तासाला तुमचं गणितात लक्ष लागतं का? नाही ना! तिचं मन हलकं होतं, पण तुमचं जड होऊन बसतं.

मग ज्यांचं कामच हे आहे, त्यांचं काय होत असेल? मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक, मनोरुग्णालयातल्या परिचारिका यांच्या कानांवर एकामागून एक दुःखंच पडत असतात.

हा प्रश्न हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनाही पडला होता. ते न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. दिवसभर स्वतःचा दवाखाना चालवायचा आणि नंतर एका मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत राबायचं, असा त्यांचा दिनक्रम. तिथं त्यांना एक गंमत दिसली. खरं तर गंमत कसली, काळजीचीच गोष्ट! मोठ्या हौसेनं आलेले कार्यकर्ते साधारण वर्षभरात पार थकून जायचे. डोकं दुखायचं, सर्दी हटायची नाही, झोप उडायची, क्षुल्लक कारणानं राग यायचा. खुद्द फ्रॉइडेनबर्गरही त्यातून सुटले नाहीत.

१९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि या अवस्थेला 'बर्नआऊट' म्हटलं. समईतलं तेल संपलं की वातच जळू लागते, तसंच हे! आणि बरं का, ही पाळी कामचुकारांवर येत नाही. जीव ओतून काम करणाऱ्यांवरच ती जास्त येते.

मग उपाय? ते अगदी साधे होते. एकाच माणसाला सारखं तेच अवघड काम देऊ नका. पाळीचे तास कमी करा. सुट्टी घ्या. सहकाऱ्यांशी बोला. आणि भरपूर व्यायाम करा, कारण हा थकवा शरीरापेक्षा मनाचा जास्त असतो.

आजही समुपदेशक आपल्याहून अनुभवी माणसापुढं बसतात आणि आलेल्या माणसाची ओळख गुप्त ठेवून, 'हे ऐकून मला फार त्रास झाला' असं मोकळेपणी सांगतात. त्यात कमीपणा कसला? न्हावीसुद्धा आपले केस दुसऱ्याकडूनच कापून घेतो! २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही स्पष्ट केलं, की बर्नआऊट हा आजार नाही, ती कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे.

आता तुमचं बघू. मैत्रिणीचं ऐकून घ्या, जरूर घ्या. पण सगळं ओझं एकट्यानं वाहू नका. तिच्या जिवाला धोका वाटला, तर 'कुणाला सांगू नकोस' ही शपथ बाजूला ठेवा आणि लगेच आई-बाबांना किंवा बाईंना सांगा. ती चुगली नव्हे. भारत सरकारनं २०२२ साली सुरू केलेली 'टेलि-मानस' ही मोफत सेवाही आहे. तिचा नंबर १४४१६. तिथं मैत्रिणीसाठी फोन करता येतो, तसा स्वतःसाठीही.

आणि मग? मैदानावर जा, मनसोक्त धावा. समईत तेल घालायला विसरू नका!