चौथं घर

जुलैतला शनिवार. सकाळचे अकरा वाजलेत आणि डांबर आत्ताच बुटाला चिकटायला लागलंय. उपनगराची बस मला ‘एट माइल’ रस्त्याच्या कोपऱ्यावर उतरवते. इथून पुढे शहराची बस. ती यायला वेळ आहे. स्टॉपवर सावली नाही. विजेच्या खांबाची एक पट्टी फुटपाथवर पडलीये, तेवढ्यात तिघी जणी एकामागे एक उभ्या आहेत. पहिलीच्या अंगावर हॉस्पिटलचा निळा गणवेश, दुसरीच्या हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी, तिसरी पुठ्ठ्याने वारा घेतेय.

मागे वळून पाहिलं की ईस्टपॉइंट. १९९२पर्यंत या गावाचं नाव ईस्ट डेट्रॉईट होतं. लोकांनी मतदान करून नावातलं ‘डेट्रॉईट’ काढून टाकलं. समोर, रस्ता ओलांडला की डेट्रॉईट.

आम्ही मराठी माणसं इथे आलो ती मोटारींच्या कारखान्यांमुळे. राहतो मात्र एट माइलच्या वर : ट्रॉय, नोव्हाय अशा गावांत. नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पोह्यांची बशी हातात देता देता सांगतं, “एट माइलच्या खाली पेट्रोल भरायलाही थांबू नकोस.” मलाही सांगितलं होतं. पुढे कित्येक वर्षं मीही ते दुसऱ्यांना सांगत होतो. १३९ चौरस मैलांचं अख्खं शहर आमच्या नकाशात एकाच रंगाचं.

बस येते. आत थंड वारा आहे, पण मागच्या निम्म्या भागापर्यंत पोचत नाही. गाडीने गेलं की हा ग्रॅशट रस्ता नुसता मागे सरकतो. बसमधून तो थांबत थांबत दिसतो, म्हणून शनिवारी मी बसनेच येतो. टायरचं दुकान. बंद पडलेलं फर्निचरचं दुकान, पाटीतली तीन अक्षरं गळालेली. बँकेच्या जुन्या दगडी इमारतीत भरणारं चर्च. मग मोकळी जागा. मग आणखी मोकळी जागा. कमरेएवढ्या गवतातून एक फेझंट पक्षी मान वर काढतो, लांब शेपटी ओढत पुन्हा आत जातो. हे शहर आहे, आणि या गवताच्या जागी घरं होती.

रस्ता प्रचंड रुंद आहे. साडेअठरा लाख माणसांना पुरेल असा. १९५० साली तेवढी इथे राहत होती. २०२०च्या जनगणनेत ६,३९,१११ भरली.

पेट्रोल पंपावर भर उन्हातही हिरवा दिवा उघडझाप करतोय. त्या दिव्याचा अर्थ, इथल्या कॅमेऱ्यांतून पोलीस थेट पाहतात. २०१६मध्ये आठ पंपांवर हे सुरू झालं. आता थोडं गेलं की एक दिवा दिसतो. आत दुकानदार बुलेटप्रूफ काचेमागे बसलाय. पैसे फिरत्या खणात ठेवायचे, खण फिरतो, पाण्याची बाटली बाहेर येते.

चर्चच्या तळघरात मी मुलांना गणित शिकवतो, ती शिकवणी दोन वाजता संपते. तिथून मी सलूनमध्ये येतो. केस मी इथेच कापून घेतो. शनिवारी इथे दोन-तीन तास बसावंच लागतं. चार खुर्च्या, चार कारागीर, भिंतीला लागून बसलेली अकरा माणसं. मशीनची घरघर, पंख्याची खडखड, टीव्हीवर बेसबॉल. पावडरचा आणि घामाचा वास. वस्तरा हातात धरून कारागीर बोलतो तेव्हा खुर्चीतला माणूस श्वास रोखून ऐकतो.

इथला एक वाद कधी संपत नाही. शहरातला सगळ्यांत धोक्याचा भाग कुठला?

“कॅस कॉरिडॉर,” पंख्याखालचे म्हातारबाबा म्हणतात. गुडघ्यात काठी, डोक्यावर पांढरी टोपी. “सत्तरच्या दशकात मी तिथे भर दुपारी पैसे मोज्यात ठेवून चालायचो.”

“पॉप्स, त्याला आता मिडटाउन म्हणतात,” पहिल्या खुर्चीमागचा कारागीर म्हणतो. “तिथलं भाडं मला परवडत नाही.”

हशा होतो. म्हातारबाबा हसत नाहीत. ज्या रस्त्यावर त्यांनी पैसे लपवले, त्या रस्त्यावर आज त्यांना कुणी ओळखत नाही.

“पूर्व बाजू. आणखी काय?” हे दाराजवळचा माणूस म्हणतो. तो पश्चिमेचा आहे, भाच्याला घेऊन आलाय.

“आणि ब्राइटमूर? ते कुठल्या बाजूला आहे?” तिघे एकदम ओरडतात. ब्राइटमूर पश्चिमेला आहे. वुडवर्ड रस्ता शहर मधोमध कापतो. त्याच्या पूर्वेला जन्मलेला माणूस पश्चिमेला बोट दाखवतो, पश्चिमेचा पूर्वेला.

एक तरुण मोबाइलमधून मान वर काढतो. “पिनकोड बघा. चार-आठ-दोन-शून्य-पाच.” शेवटचा पाच तो मुद्दाम गिळतो आणि त्याजागी ‘डाय’ म्हणतो. मर. हे नाव त्याने काढलेलं नाही. या पिनकोडला ते केव्हाचं चिकटलंय. ते घेताना त्याच्या आवाजात भीती आहे, आणि थोडा अभिमानही.

“मी राहतो तिथे,” तिसऱ्या खुर्चीमागचा कारागीर शांतपणे म्हणतो. “आमच्या रस्त्यावर काही नाही. दोन रस्ते सोडून पलीकडे आहे, ते वेगळं.”

मी या बाकावर बरेच शनिवार बसलोय. स्वतःच्या रस्त्याला धोक्याचा म्हणणारा माणूस अजून भेटलेला नाही. धोका दोन रस्ते सोडून पलीकडे असतो.

मग आकडे निघतात. म्हातारबाबा काठी आपटून म्हणतात, “चौऱ्याहत्तर साली ७१४ खून झाले. मी होतो इथे.” मोबाइलवाला तरुण शोधून सांगतो, “२०२४मध्ये २०३. पासष्ट सालानंतर तोवरचे सगळ्यांत कमी.” “पण चौऱ्याहत्तरमध्ये माणसं दुपटीहून जास्त होती,” दाराजवळचा म्हणतो. क्षणभर सगळे मनातल्या मनात भागाकार करतात. “कमी झालेत, कसंही मोजा,” पहिला कारागीर म्हणतो. चौथ्या खुर्चीमागचा कारागीर मशीन बंद करतो. “त्या २०३मधला एक माझा मावसभाऊ आहे.” मशीन पुन्हा सुरू होतं. काही वेळ फक्त बेसबॉल ऐकू येतो.

विषय पैशांवर वळतो. मोटारीचा विमा. देशातल्या सर्वांत महाग विम्यांत इथला विमा मोडतो. “गाडी तीच, चालवणारा तोच. पत्ता बदलला की रक्कम बदलते,” कुणीतरी म्हणतं. म्हणून कित्येक जण गाडीच्या कागदांवर उपनगरातल्या मावशीचा पत्ता घालतात. भांडवल उभं करायला बँकेत गेलो की तीच कथा, असं पहिला कारागीर सांगतो.

“ही कथा जुनी आहे,” म्हातारबाबा म्हणतात. “माझ्या वडिलांकडे पगाराच्या पावत्या होत्या. घराला कर्ज नाही मिळालं. नकाशावर आमची गल्ली लाल होती.” तो नकाशा १९३९चा. गृहकर्जात जोखीम कुठे आहे हे दाखवण्यासाठी सरकारी कामाकरता काढलेला. काळी माणसं राहत ते भाग लाल रंगवले. लाल म्हणजे धोका.

“आमच्याकडे तर भिंतच बांधली,” पश्चिमेचा माणूस म्हणतो. ती भिंत मी पाहिलीये. एट माइलच्या जवळ, घरांच्या परसांमागून जाते. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. १९४१ साली एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी काळी वस्ती, म्हणून सरकारी हमीचं कर्ज मिळेना. त्याने मधे भिंत घातली. कर्ज मिळालं. आज भिंतीच्या दोन्ही बाजूंना काळी माणसं राहतात. एका भागावर लोकांनी रंगीत चित्रं काढलीत.

कोपऱ्यात एक आजी मघापासून गप्प बसल्यात. त्यांचा नऊ वर्षांचा नातू माझ्या शिकवणीत आहे. आत्ता तो खुर्चीत मान खाली घालून बसलाय. त्याच्या मानेवरचे केस ब्रशने झटकले जातात तेव्हा त्या पर्स बंद करतात.

“दोन तास रस्त्यांची नावं घेताय सगळे,” त्या म्हणतात. “घराचा नंबर सांगता येईल कुणाला?”

कुणी बोलत नाही.

“मला येतो. माझ्या ब्लॉकवरचं चौथं घर.” मग माझ्याकडे वळून, “चल बेबी, जेवून जा. बघशीलही.” इथल्या आज्या कुणालाही बेबी म्हणतात. माझे केस पिकलेत तरी.

आम्ही चालत निघतो. ऊन आता तिरपं झालंय. झाडांत किडे एकसुरात किर्र करतायत. लांबून आइस्क्रीमच्या गाडीची घंटा. फुटपाथची फरशी झाडांच्या मुळांनी उचललीये. नातू तिच्यावरून उड्या मारत पुढे जातो आणि दर वेळी मागे वळून आजीला पाहतो.

त्यांचा ब्लॉक. मी त्यांच्या बाजूचे प्लॉट मोजतो. चौदा. घरं उभी आहेत सात. मधल्या रिकाम्या प्लॉटांवरचं गवत नीट कापलेलं आहे. “कोण कापतं?” मी विचारतो. “माझा मुलगा. आणि समोरचे म्हातारे. जमीन आमची नाही, पण गवत वाढलं की लोक गाद्या आणि टायर आणून टाकतात.”

पहिलं घर. ओसरीवर दोन खुर्च्या, कुंडीत लाल फुलं. दुसरं घर. दारात सायकल. तिसरं घर. खिडकीतून भाजणाऱ्या मक्याचा वास.

चौथं घर.

त्याला दार नाही. खिडक्यांवरच्या प्लायवूडपैकी एक फळी ओढून काढलीये. आतली भिंत फोडून तांब्याच्या नळ्या नेलेल्या दिसतात. वरच्या खिडकीभोवती काजळीची काळी झालर. आतून ओल्या लाकडाचा थंड वास येतो, या उकाड्यातही. नातू इथे उड्या मारत नाही. न सांगता आजीचा हात धरतो आणि दोघं रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जातात. मी त्यांच्या मागे जातो. घर ओलांडलं की आम्ही पुन्हा अलीकडे येतो.

“रोज असंच,” आजी म्हणतात. “शाळेत जाताना, येताना.”

कोण राहायचं तिथे?

“पोस्टात होती ती. तीस वर्षं शेजारीण माझी. टोळी नाही आली इथे, बेबी. टॅक्सची नोटीस आली.” घरांच्या किमती कोसळल्या, तरी कर जुन्याच चढ्या किमतीवर लागत राहिला. थकला की घर जप्त. २०११ ते २०१५ या काळात शहरातल्या चार मालमत्तांमागे एक अशी करापायी जप्तीत सापडली. रिकाम्या घरातून आधी नळ्या जातात, मग दार जातं. मग कुणीही आत शिरतं. २०१४ साली मोजणी झाली तेव्हा पडीक इमारती ४० हजारांवर भरल्या. त्यानंतर हजारो पाडल्या. हे घर पाडायच्या यादीत आहे, असं आजींना फोनवर सांगतात.

पाचवं घरही असंच होणार होतं. वर्षभर कुणी नव्हतं तिथे. आजींनी स्वतःच्या जुन्या पडद्यांची जोडी त्याच्या खिडकीला लावली. मुलगा रात्री आपली गाडी त्या दारात उभी करायचा. नाताळात दोघांनी त्या ओसरीवर दिव्यांची माळ सोडली. आज तिथे तान्हं मूल असलेलं एक जोडपं राहतं. “घर एकटं आहे हे कळू द्यायचं नाही,” आजी म्हणतात.

सहावं घर त्यांचं. ओसरीवर बसून आम्ही जेवतो. चिकन, मका, लिंबाचं सरबत. समोरून जाणारा प्रत्येक जण हात वर करतो आणि त्या प्रत्येकाला हात करतात. कोण कुठे गेला, किती वाजता परतेल, त्यांना ठाऊक असतं. एक अनोळखी गाडी हळू जाते. समोरचे म्हातारे खुर्चीतून उठून उभे राहतात. गाडी वळून निघून जाते. ते पुन्हा बसतात.

नऊ वाजून गेल्यावर अंधार उतरतो. आणि मग रस्त्याच्या टोकापासून एकेक दिवा लागत येतो. पांढरा, स्वच्छ उजेड. नातू मोजतो. आजी बोलायच्या थांबतात, दिवे लागून संपेपर्यंत.

“हा खांब सहा वर्षं बंद होता,” त्या म्हणतात. २०१३ साली शहराने दिवाळं जाहीर केलं तेव्हा रस्त्यांवरचे सुमारे ४० टक्के दिवे बंद होते. त्या काळात तातडीच्या फोनवरही पोलीस यायला सरासरी ५८ मिनिटं लागत. थंडीत सकाळी सातला काळोख असतो; मुलं त्यातून शाळेला जात. २०१६अखेर ६५ हजार नवे दिवे बसले. तारा तांब्याच्या नाहीत, अ‍ॅल्युमिनियमच्या, म्हणजे चोरीला जाणार नाहीत. “दिवे आले त्या रात्री मी इथे अकरापर्यंत बसले होते,” आजी म्हणतात. “थंडी होती. तरी.”

दिव्यांच्या रांगेत चौथं घर तेवढं काळं दिसतं.

आजींचा मुलगा मला एट माइलपर्यंत सोडतो. मी शेवटच्या बसची वाट पाहतो. दिवसाची ऊब अजून फुटपाथमधून वर येतेय. मोबाइल वाजतो. ट्रॉयहून मित्र.

“अरे, अजून तिथेच आहेस? रात्र झाली की. तो भाग सगळ्यांत वाईट ना?”

“भाग नाही रे,” मी म्हणतो. “एक घर आहे. ग्रॅशटकडून चौथं. त्याला दार नाही.”

“आणि बाकीचा रस्ता?”

“बाकीच्या सहा घरांत माणसं राहतात.”